पसंतीक्रम

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला पहिला माणूस म्हणजे माझा मुलगा, आणि बारावीच्या पुढं गेलेली पहिली म्हणजे त्याची मुलगी, माझी नात. मी स्वतः दहावी. त्या काळी दहावी झाली की बाप म्हणायचा, लिवता-वाचता येते ना, मंग आता वखर धर. मी धरला. त्याचं दुःख नाही. पण नातीच्या वेळी घरात जो दोन महिने काथ्याकूट झाला, त्यात मी एक मोठी चूक करता करता राहिलो. तीच लिहून ठेवतो.

१४ जून २०२५ ला नीटचा निकाल लागला. आमच्या इकडं तेव्हा पेरणीची घाई. पोरगी सकाळपासून मोबाईल घेऊन बसली होती. मार्क पाहिल्यावर ती हसली बी नाही, रडली बी नाही. म्हणे, "आबा, मधातले आहेत." त्या वर्षी भौतिकशास्त्राचा पेपर लय कठीण गेला होता, सगळ्यांचेच मार्क घसरले होते. मधातले म्हणजे असे की जुन्या सरकारी कॉलेजात लागणं कठीण, नवीन सरकारीत लागू शकते, आणि खाजगीत तर लागतेच.

त्याच आठवड्यापासून फोन सुरू झाले. आमचा नंबर त्यांना कोणी दिला, देव जाणे. एक जण रोज संध्याकाळी, मी गोठ्यात असताना, बरोबर फोन करायचा. गोड बोलायचा. "काका, आपल्या नातीला गुणवत्तेवर पंचवीस टक्के शिष्यवृत्ती मंजूर होते. असं कॉलेज पुन्हा मिळणार नाही." ते कॉलेज दूरच्या मोठ्या शहरातलं, अभिमत विद्यापीठाचं. मला शिष्यवृत्ती हा शब्दच एवढा मोठा वाटला की पुढचं ऐकूच आलं नाही. आपल्या घरातल्या पोरीला कोणी शिष्यवृत्ती देते! मी दोन दिवस गावात छाती काढून फिरलो. आणि तिसऱ्या दिवशी, घरात कोणाला न सांगता, रस्त्याकडच्या दोन एकराला गिऱ्हाईक लागते का याची चौकशी करून आलो. माझ्याजवळ जमीन साडेचार एकर.

मी असं का केलं, त्याला कारण आहे. १९८६ साली माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आलती. रात्री अडली. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. जवळच्या दवाखान्यात सांगितलं, अकोल्याला न्या. जीप केली. मालेगाव गेलं, मेडशी गेली, पातूरच्या अलीकडं तिचा हात गार पडला. माझ्याच मांडीवर तिचं डोकं होतं. तवापासून मनात एक गाठ बसली की डॉक्टर व्हावं तर मोठ्या शहरातल्या, मोठ्या नावाच्या कॉलेजातून. आपल्या इकडचं काही खरं नाही.

चौकशीची गोष्ट लपली नाही. गावात काही लपत नाही. त्या रात्री पोरगी वही घेऊन माझ्यापाशी येऊन बसली. म्हणे, "आबा, हिसाब करू."

तिनं विचारलं, "त्या माणसानं पूर्ण फी किती सांगितली?"

"पंचवीस लाख. वर्षाची."

"त्यातले पंचवीस टक्के गेले तर किती राह्यले?"

मी तोंडानं करू शकलो नाही. तिनं लिहिलं, १८ लाख ७५ हजार. साडेचार वर्षांचे ८४ लाखांच्या वर. राहणं-खाणं वेगळं.

मग म्हणे, "आपल्याले एकरी सोयाबीन किती होते?"

"चांगलं झालं तर सहा क्विंटल."

"म्हणजे साडेचार एकरात २७ क्विंटल. भाव?"

आदल्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये, पण बाजारात चार हजारानं घालून आलो होतो. तिनं चार हजारच धरला. भागाकार केला आणि वही माझ्यापुढं सरकवली. नुसत्या फीचे पैसे व्हायला २,१०० क्विंटल सोयाबीन पाहिजे. म्हणजे ७८ वर्षांचं पीक. बियाणं, खत, फवारणी, मजुरी यातला एक रुपया न धरता.

"आबा, सूट किती देते ते नाई पाह्यचं. सूट देऊन राह्यते किती, ते पाह्यचं."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगून आलो.

उरल्या दोन वाटा. एक, शहरातलं जुनं खाजगी कॉलेज. दुसरी, आमच्या वाशिमचंच नवीन सरकारी मेडिकल कॉलेज. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या दहा नव्या सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात वाशिम होतं. शेजारचं हिंगोली, बुलढाणा, अमरावती पण होतं. वाशिमला १०० जागा.

इथं गोष्ट अवघड झाली. कारण २०२४ च्या जुलैत सरकारनं निर्णय काढला की ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची शिक्षण फी अन् परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी माफ होती. ही माफी खाजगी कॉलेजातही मिळते, फक्त प्रवेश सरकारी फेरीतून झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तर नाही. म्हणजे फोनवाल्यानं जे सांगितलं नव्हतं ते हे. त्याच्या पंचवीस टक्क्यांपायी आमची सरकारी शंभर टक्के माफी गेली असती.

आता मुलगा म्हणे, "फी दोन्हीकडं माफच हाये, तर जुन्याच कॉलेजात टाकू. तिथं मास्तर आहेत, लायब्ररी आहे. वाशिमच्या कॉलेजची पहिली तुकडी अजून दुसऱ्या वर्षाला." मलाही ते पटत होतं. नव्या विहिरीला पाणी किती टिकते, हे दोन उन्हाळे गेल्याशिवाय कळत नाही.

आम्ही बापलेक त्या खाजगी कॉलेजात जाऊन आलो. कारकुनानं कागद पुढं केला. शिक्षण फी सरकार देईन, बरोबर. पण विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, हे तुमचं. धरून-पकडून वर्षाला अडीच-तीन लाख. अन् वर एक हमीपत्र. सरकारकडून रक्कम आली नाही तर पालक भरीन. मी विचारलं, "साहेब, सरकारचे पैसे कधी येतात?" तो म्हणे, "येतात तेव्हा येतात." माणूस खरं बोलला, त्याचा राग नाही आला.

परतीच्या एस. टी. त मी तोच विचार करत होतो. माफी म्हणजे पाऊस आहे. येतो, पण आपल्या सांगण्यानं येत नाही. दरवर्षी अर्ज पुन्हा भरा, उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढा. नॉन क्रिमीलेअर पाहिजे, जात वैधता पाहिजे. एखादा कागद अडला, किंवा सरकारनं नियमच फिरवला, तर साडेचार वर्षांच्या मधात काय करायचं? खाजगीची पूर्ण फी एका वर्षाची जरी अंगावर आली तरी एक एकर जाते. सरकारीत तशीच आली तर लाख-दीड लाखाच्या घरात येते. बैलजोडी विकीन, सोसायटीचं कर्ज काढीन, पण पोरीचं शिक्षण थांबत नाही. शेतकरी पेरताना हेच पाहतो. पाऊस आला तर किती पिकते हे तर पाहतोच, पण नाही आला तर घरात ज्वारी राहते का, हे आधी पाहतो.

घरी येऊन हे सांगितलं. पोरगी म्हणे, "मी बी एक पाहून आली." ती वाशिमच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दिवसभर बाकड्यावर बसून आलती. कोणाला विचारलं नाही, नुसतं पाहिलं. रिसोडकडून आलेले, मानोऱ्याचे, मंगरुळपीरचे लोक. सकाळच्या आठपासून रांग. म्हणे, "आबा, पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. मोठ्या दवाखान्याचं काम त्याच्या पुढं पडते. तोवर ते कॉलेज बी वाढीन. आणि पेशंट? पेशंट तर आजच लय आहेत."

मी म्हटलं, "माय, मास्तर कमी असले तर?"

"तर मले जास्त वाचा लागीन."

मग मी माझ्या मनातली खरी गोष्ट काढली. म्हटलं, "तुझ्या आत्याआजीले घेऊन मी अकोल्याकडं निघालो होतो. इथं कोणी नव्हतं म्हणून. मले तू त्या इथंच शिकावं हे गोड लागत नाही."

ती जरा वेळ गप बसली. मग म्हणे, "आबा, इथं कोणी नव्हतं म्हणूनच तर ती गेली ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलं नाही.

पसंतीक्रम भरायचा दिवस आला. या फॉर्ममध्ये क्रम हाच निर्णय असतो. वरून खाली पाहत जातात आणि आपल्या मार्कांत जे पहिलं बसते ते मिळते. तिनं सगळ्यात वर सेवाग्राम टाकलं. सुशीला नायर यांनी गांधी शताब्दीत, १९६९ ला, काढलेलं कॉलेज. तिथं पोरं खादी घालतात, खेड्यात जातात. मिळणार नाही हे तिलाही माहीत होतं, पण मागायला काय जाते, म्हणे. मग १९८९ चं यवतमाळ, २००२ चं अकोला. त्याच्या खाली वाशिम. खाजगी सगळे त्याच्याही खाली.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. त्या दिवसांत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, सोयाबीन पाण्यात उभं होतं. मुलगा चिडून म्हणे, क्रम चुकला. मी पण दोन रात्री झोपलो नाही. दुसऱ्या फेरीत वाशिम लागलं.

प्रवेशाच्या दिवशी बाँडचा कागद आला. शिक्षण झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाही केली तर दहा लाख दंड. मुलानं दोनदा वाचला. पोरीनं एकदाच वाचून सही केली. म्हणे, "दंड कायचा, ते तर मले कराचंच हाये."

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे, त्याचाही अर्ज केला. अल्पभूधारकाच्या दाखल्यासाठी तहसीलला चार चकरा झाल्या. दोन एकर विकले असते तर कदाचित चकरा वाचल्या असत्या, पण दाखवायला सात-बाराही तेवढाच राहिला असता. हा मजकूर लिहीस्तोवर भत्ता आलेला नाही. पाऊसही वेळेवर कुठं येतो? पण आमचं त्यावाचून अडलेलं नाही, आणि पाहायचं होतं ते एवढंच.

आमचा निर्णय बरोबर होता की नाही, ते साडेपाच वर्षांनी कळेल. दुसऱ्या घरी मार्क वेगळे, प्रवर्ग वेगळा, तर हिसाबही वेगळा निघेल. कोणी विचारलं तर मी क्रम सांगत नाही, वही घेऊन बसा एवढं सांगतो. आणि फोनवरच्या माणसानं शिष्यवृत्ती म्हटलं की छाती काढून गावात फिरू नका.

मागल्या बाजाराला मी तिच्यासाठी सूनबाईनं दिलेला डबा घेऊन गेलो. पोरगी पांढरा कोट घालून फाटकाशी आली. तेवढ्यात एक म्हातारी तिच्या कोटाकडं पाहून म्हणे, "बाई, बाळंतिणीचा वॉर्ड कोणीकडं?" माझ्या नातीनं डबा माझ्याच हातात ठेवला आणि म्हातारीला घेऊन गेली. मी डबा धरून तिथंच उभा राहिलो. बराच वेळ लागला तिला यायला. लागू दिला.