पाचशे एक रुपयांचं पाकीट

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं शाळेतल्या निबंधात लिहून लिहून आपण सगळे वरच्या वर्गात गेलो. त्या छंदाचे कुणी पैसे देऊ लागलं तर काय करावं, हे मात्र एकाही मास्तरांनी लिहायला दिलं नाही.

फोटो काढणं हा माझा पंधरा वर्षांचा छंद. आमच्या आळीतली बारशी, डोहाळजेवणं, गणपती, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, सगळीकडे मी गळ्यात कॅमेरा अडकवून हजर. मोबदला ठरलेला : ‘काका, आधी जेवून घ्या, फोटो काय, नंतरही निघतील.’ गेल्या मार्गशीर्षात मात्र एका बारशाला यजमानांनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. वर कुंकवाचं बोट, आत पाचशे एक रुपये.

पाकीट मिळालं की साधा माणूस आत किती आहेत ते बघतो. मी बी. कॉम. आहे. मी ते कुठल्या सदराखाली जातील ते बघतो. ‘जरा चौकशी करून सांगतो’ म्हणत मी पाकीट यजमानांच्या खिशात परत सारलं. घरापर्यंत हिने माझ्याशी अबोला धरला.

चौकशी सुरू केली ती नोकरीपासून. मी बँकेत कारकून. २०२४ च्या करारापासून आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. खुर्ची आणि पंखा तेच आहेत. शिस्तभंगाच्या कारवाईबाबत आमचा २००२ सालचा एक करार आहे. त्यात गंभीर गैरवर्तनांची यादी दिलेली आहे, आणि यादीत पहिला मान कुणाला? बँकेच्या लेखी परवानगीवाचून दुसरा धंदा करणाऱ्याला. दारू पिऊन शाखेत दंगा घालणारा त्याच्या खाली. म्हणजे पाचशे एक घेऊन बाळाचा फोटो काढण्यापेक्षा काउंटरवर झिंगून नाचलेलं बरं, असा माझा पहिला समज झाला.

मी रीतसर अर्ज लिहिला. साहेब म्हणाले, “अहो, छंदाला परवानगी कशाला लागते?”

“छंदाला नाही साहेब, पाकिटाला लागते.”

चार महिन्यांनी परवानगी आली. कामाचे तास सोडून, रजा न बुडवता आणि बँकेची स्टेशनरी न वापरता फोटो काढायचे. बँकेच्या स्टेशनरीवर फोटो कसे काढतात, हे मी विचारलं नाही. आलेली परवानगी परत जायला वेळ लागत नाही.

मग प्राप्तिकर. आमच्या मेहुण्यांचं म्हणणं, “दाजी, भेट म्हणून घ्या की! परक्यांकडून वर्षाला पन्नास हजारांपर्यंत आलेल्या भेटीवर कर नसतो.” खरं आहे. पण ती भेट असावी लागते. तीन तास बाळासमोर खुळखुळा वाजवून मिळालेली रक्कम ही भेट नव्हे, कमाई आहे. पैशांऐवजी शर्टपीस किंवा स्टीलचा डबा दिला तरी सुटका नाही. धंद्यातून मिळालेल्या वस्तूची किंमतही उत्पन्नातच धरतात. आजवर नुसत्या पगाराचा माणूस म्हणून मी ‘सहज’ नावाचा फॉर्म भरत होतो. धंद्याचं उत्पन्न आलं की ‘सहज’ संपतं आणि ‘सुगम’ सुरू होतं. नावं ठेवणाऱ्याला विनोदाची उत्तम जाण असावी.

या ‘सुगम’मध्ये एक सोय आहे. जमाखर्च लिहीत बसायचं नसेल तर बँकेतून आलेल्या शंभर रुपयांत निदान सहा रुपये नफा धरायचा, आणि रोख आलेल्या शंभरात आठ. रोखीत दोन रुपये जास्त का सुटतात, हे पंचवीस वर्षं नोटा मोजूनही मला उमगलेलं नाही. मात्र ही सोय घेतली की कॅमेऱ्याचा घसारा वेगळा मागायचा नाही. मागायचाच असेल तर वह्या ठेवा, आणि पंधरा टक्क्यांनी मागा. तोही कॅमेरा धंद्याला जितका वापरला तितकाच. सिंहगडाच्या सहलीत हिचे फोटो काढताना तो जो झिजला, ती झीज ज्याची त्याने सोसायची.

व्यवसाय कर पगारातून कापला जातोच : महिन्याला दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे. सगळ्यात तोकड्या महिन्याला सगळ्यात जास्त. पण वर्षाचे अडीच हजार भरले की पुढे कुणी हात लावू शकत नाही, कारण ही मर्यादा खुद्द राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे. जीएसटीचं मी कागदावर गणित केलं. सेवेला वर्षाकाठी वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि पगार त्यात धरत नाहीत. पाचशे एकच्या दराने ३,९९२ बारशांपर्यंत मला धोका नाही. ३,९९३ वं बाळ जन्माला आलं की नोंदणी.

इथवर मी खुशीत होतो. कर ही शेवटी आकड्यांची गोष्ट, आणि आकड्यांना मी भीत नाही. खरी पंचाईत पुढे निघाली.

फुकट फोटोत आत्याबाईंचं डोकं कापलं गेलं तर चार माणसं हसतात आणि गोष्ट संपते. पैसे घेतले की आत्याबाई, म्हणजे त्यांचे भाऊ, ग्राहक होतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फुकट दिलेली सेवा ही सेवाच नव्हे. विकत दिलेल्या सेवेत डोकं कापलं गेलं तर ती त्रुटी, आणि जिल्हा आयोगाचं दार उघडं.

त्याहून मोठा धक्का १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने दिला. मी हौसेने फोटो काढला तर त्याचा मालक मी. पण कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढला, आणि वेगळा करार केलेला नसला, तर मालक तो सांगणारा! डोळा माझा, बोट माझं, गुडघे टेकून दुखले तेही माझे, आणि फोटो त्यांचा. वर गंमत अशी की हक्काची मुदत मोजायची ती फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे मरायचं मी आणि मोजायचं त्यांनी.

माझ्याकडे एक जुना फोटो आहे. आत्या बाळाच्या कानात नाव सांगतेय आणि मागून चार पोरी तिच्या पाठीत दणादण धपाटे घालताहेत. आत्याचे डोळे मिटलेले, बाळाचे टक्क उघडे. आमच्या वाचनालयाच्या प्रदर्शनात तो आठवडाभर लागला होता. त्या दिवशी मी नुसता मठ्ठा आणि जिलबी घेऊन घरी गेलो होतो, म्हणून तो माझा आहे. पाचशे एक घेतले असते तर आज तो भिंतीवर लावण्याआधी यजमानांना विचारावं लागलं असतं. तेव्हापासून फुकट राबण्याबद्दल माझी तक्रार राहिलेली नाही. पण छंदाला नवी लेन्स हवी असते, आणि लेन्सवाला जिलबी घेत नाही.

म्हणून मी एका कागदावर करार तयार केला. पहिलं मिळालेलं काम म्हणजे शेजारच्या वाड्यातल्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन. आजींच्या मुलाने तारीख, रक्कम, प्रती असं वाचत वाचत चौथ्या कलमावर बोट ठेवलं.

“हे काय? ‘फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील.’ म्हणजे आई आमची, आणि फोटो तुमचा?”

मला कलम पाठ होतं, पण त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “तुम्ही हव्या तेवढ्या प्रती काढा. मला फक्त एखादा प्रदर्शनात लावता यावा, एवढंच.”

“आणि आम्ही नाही म्हटलं तर?”

आजी झोपाळ्यावर बसून वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अरे, कुणाचा का असेना तो. मला एकच सांगा हो, त्यातला एक तरी सरळ समोर बघणारा काढाल ना? पुढे हार घालायला लागेल तेव्हा यांची धावाधाव नको. ह्यांच्या वेळेला रेशनकार्डावरचा मोठा करावा लागला होता.”

मुलगा काही बोलला नाही. त्याने चौथ्या कलमाखाली पेनने लिहिलं, ‘आईला विचारून’, आणि सही केली. मीही केली. आजींचा सरळ समोर बघणारा फोटो मी सगळ्यात आधी काढला. त्याच्या मोठ्या प्रतीचे पैसे बिलात धरलेले नाहीत.