उष्ण, ऊन, तिखट, खार

इंग्रजीतलं ‘हॉट’ हे विशेषण मला पहिल्यापासून आळशी वाटत आलं आहे. चहा हॉट, मिरची हॉट, मे महिना हॉट, बातमी हॉट आणि सिनेमातली नटीही हॉट. आमच्या बेळगाव-निपाणीकडं एवढ्यावर कुणाचं भागायचं नाही. इथं आंघोळीचं पाणी ऊन असतं, चहा गरम असतो, भाकरीबरोबरची आमटी कढत असते, चटणी तिखट असते, पपई उष्ण असते आणि एप्रिलात वारा पडला की नुसतं उकडतं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून बघा. ‘पपई गरम आहे’ म्हटलं तर ती उन्हात राहिली असेल, एवढाच अर्थ निघतो. ‘पपई उष्ण आहे’ म्हटलं, की घरातल्या पोटुशी सुनेच्या ताटातून ती कुणी न बोलता उचलून नेतं.

भिंतीपलीकडच्या कन्नड घरातही हिशेब जवळजवळ हाच. पाणी ‘बिसी’, उकाडा म्हणजे ‘सेके’, आणि पपई तिथंही उष्णच. आपल्याकडं ऊन म्हणजे सोसवेल इतकं गरम, आणि अंगणात पडतं तेही ऊनच. त्यांच्याकडं ‘बिसी’ म्हणजे गरम, आणि त्यालाच पुढं ओढून ‘बिसिलु’ म्हणजे अंगणातलं ऊन. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण पाण्याचा आणि सूर्याचा ताप दोघींनी एकाच गाठोड्यात बांधलाय. आपलं ‘ऊन’ तर ‘उष्ण’चंच झिजलेलं रूप आहे. थोरली पाती वैद्याकडं गेली, धाकटी न्हाणीघरात राहिली.

गाडी अडते ती ‘खार’पाशी. मूळ शब्द संस्कृतातला क्षार, म्हणजे जिभेला झोंबणारा. तो मराठीत आला आणि मिठाचा झाला: खारे दाणे, खारं वारं, खारवलेली कैरी. कन्नडात गेला आणि मिरचीचा झाला. मिठाला तिथं ‘उप्पु’ आहे, त्यामुळं ‘खार’ मोकळाच होता. निपाणीच्या स्टँडवर खारे दाणे मागितले तर मिठाचे मिळतात; तासाभराच्या अंतरावर बेळगावात कन्नड दुकानदाराकडं ‘खारा शेंगा’ मागा, लाल मसाल्यात घोळलेले हातात येतील आणि पहिल्या मुठीलाच नाक वाहायला लागेल. नव्यानं लग्न होऊन आलेल्या कितीतरी मुलींनी ‘खारा जास्ती’ म्हटल्यावर आमटीत पाणी ओतलंय आणि ‘खार कम्मी’ म्हटल्यावर मीठ वाढवलंय. सीमाभागातल्या स्वयंपाकघरांचा हा खरा सीमातंटा. त्यावर कुठला आयोग बसला नाही.

निपाणीहून महामार्गानं बेळगावकडं येताना संकेश्वर लागतं. तिथली मिरची लांबट, बारीक आणि जाळ. त्याच रस्त्यानं दक्षिणेला आणखी खाली हावेरी जिल्ह्यात ब्याडगी आहे. ब्याडगीची मिरची सुरकुतलेली, गर्द लाल, पण जिभेला सौम्य. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिच्यातला रंग काढून तो लिपस्टिकपर्यंत पोचवतात. इकडच्या बायकांना मानांकन वगैरे माहीत नसतं, पण प्रमाण पाठ असतं: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मार्च लागला की गच्च्या लाल होतात. देठ खुडायचे, मिरच्या कडकडीत वाळवायच्या, धने-जिरे-तीळ-खोबरं वेगवेगळं भाजायचं, आणि सगळं बोचक्यात बांधून डंकावर न्यायचं. आमच्याकडं या वर्षभराच्या लाल पुडीला ‘चटणी’ म्हणतात. पुण्याची माणसं आली की त्यांना वाटतं, चटणी म्हणजे पुदिन्याची. डंकावर नंबर लावून बसलेल्या बायकांच्या नाकावर पदर असतो. लोखंडी मुसळ वरखाली होत असतं, उखळातून लाल धूर उठतो आणि रांगेतली एकजण शिंकली की पाठोपाठ सगळी रांग शिंकते. घरी आल्यावर हाताची आग होते. ती पाण्यानं जात नाही, उलट पसरते. तेल चोळावं लागतं, नाहीतर ताकात हात बुडवून बसावं लागतं, कारण मिरचीतला झोंबणारा कॅप्सेसिन हा पदार्थ पाण्याला दाद देत नाही, स्निग्धात मात्र विरघळतो.

‘आग होते’ हे आपण सहज बोलून जातो. हात तर तापलेला नसतो, चटकाही बसलेला नसतो. मग आग कसली? याचं उत्तर १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात शोधलं. मज्जातंतूंवर एक ग्राहक असतो. साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की तो जागा होतो, आणि कॅप्सेसिन लागलं तरी तोच जागा होतो. मेंदूला निरोप एकच जातो: भाजतंय. २०२१ साली ज्यूलियस यांना नोबेल मिळालं, त्यामागं हाच शोध होता. म्हणजे इंग्रजांनी चहाला आणि मिरचीला एकच विशेषण लावलं, ते शरीराच्या हिशेबानं अगदीच चूक नाही, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. पण हा खुलासा प्रयोगशाळेत शोभतो. खानावळीत त्याचा काही उपयोग नाही.

खानावळीचं सांगायचं कारण वेगळंच आहे. २०१० पासून बेळगावात मलेशियातली मुलं डॉक्टरकी शिकायला येऊ लागली. तिथल्या युनिव्हर्सिटी सायन्स मलेशिया या विद्यापीठानं इथल्या केएलई संस्थेबरोबर सुरू केलेला तो अभ्यासक्रम. त्यांत मलय मुलं होती, तमिळ होती आणि चिनी घरांतलीही होती. ही शेवटची मुलं घरी मँडरिन, कँटोनीज किंवा होक्कियन बोलणारी. त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा सरस; अडचण ते ऐकणाऱ्याची होती. एका खानावळीत अशाच एका मुलीनं वाढप्याला ‘नॉट हॉट, प्लीज’ म्हणून विनवलं. वाढपी हुशार. त्यानं भरल्या वांग्यांची वाटी परत नेली, पंख्याखाली ठेवली आणि निवल्यावर अदबीनं आणून दिली. संकेश्वरी मिरची निवली म्हणून काय कमी होते? पोरीच्या डोळ्यांतून पाणी, आणि हा शेजारी उभा, आपलं काय चुकलं या विचारात. शेवटी गल्ल्यावरचे मालक उठले, त्यांनी दह्याची वाटी पुढं केली आणि वाढप्याला कन्नडात झापलं, “खार बेडा अंताळ, तम्मा!” तिखट नको म्हणतेय रे.

विशेष हे की त्या मुलीच्या स्वतःच्या भाषेत हा घोटाळा झालाच नसता. मँडरिनमध्ये गरम म्हणजे ‘रे’, चटका देणारं म्हणजे ‘थांग’, तिखट म्हणजे ‘ला’. शिवाय जीभ बधिर करणाऱ्या तिखटाला ‘मा’ हा आणखी एक शब्द. (ज्या सिचुआन मिरीनं ही ‘मा’ चव येते, तिची सख्खी बहीण म्हणजे कोकण-गोव्यातलं तिरफळ. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्यांनी या चवीला अजून स्वतंत्र विशेषण केलं नाही, ही आपली हयगय.) चिनी विद्यार्थी इंग्रजी शिकतो तेव्हा हे तीन-चार शब्द त्याला ‘हॉट’च्या एकाच पोत्यात कोंबावे लागतात. आम्हीही शाळेत तेच केलं. मास्तरांनी फळ्यावर ‘हॉट म्हणजे गरम’ लिहिलं आणि पुढचा शब्द घेतला.

पण खरं नातं पुढंच आहे. चिन्यांकडंही आपल्यासारखी एक उष्णता आहे, जी थर्मामीटरला सापडत नाही. मँडरिनमध्ये तिला ‘शांग-हुओ’ म्हणतात, म्हणजे अंगात आग वर चढणं. इंग्रजीत त्यासाठी शब्दच नाही, म्हणून मलेशिया-सिंगापूरच्या लोकांनी ‘हॉट’ला बाजूला सारून ‘हीटी’ असा आपला शब्द पाडला. डुरियन हीटी. बघायला फणसाचा भाऊ, कुळानं वेगळा, पण जास्त खाल्ला तर तोंड येतं, घसा धरतो, असं त्यांच्या आज्या सांगतात. उतारा म्हणून त्याच्यामागून मँगोस्टीन खायचं, ते थंड. हे मँगोस्टीन आपल्या रातांब्याच्या गोतातलं झाड आहे, ज्याच्या सालांचं आमसूल होतं आणि ज्याचं सरबत आपण वैशाखात उष्णतेवर पितो. समुद्राच्या दोन टोकांना, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या म्हाताऱ्यांनी एकाच गोतातल्या फळांवर ‘थंड’ असा शिक्का मारून ठेवला. हे वाचल्यावर मी बराच वेळ खूश होतो.

आता दवाखान्यात चला. तालुक्याकडची बाई येते आणि म्हणते, “लई उष्णता झालीया ओ डॉक्टर.” आपल्याच मातीतला, पण इंग्रजीतून शिकलेला डॉक्टर मनात त्याचं भाषांतर करतो, ताप बघतो, ताप नसतो, आणि कागदावर लिहितो, ताप नाही. बाईला ताप आहे असं ती म्हणालीच नव्हती. तोंड आलं असेल, लघवीला आग होत असेल, डोळे चुरचुरत असतील, हातापायाचे तळवे जळत असतील किंवा अंगावर जास्त जात असेल. ‘उष्णता’ या एका शब्दाखाली ती हे सगळं घेऊन आलेली असते, आणि त्यातलं निम्मं पुरुष डॉक्टरसमोर उघड बोलायचं नसतं म्हणूनच हा शब्द तिनं निवडलेला असतो. चिनी घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हे समजायला फार वेळ लागत नाही, कारण त्याची आजी हेच बोलते. ‘उष्ण’ म्हणजे ‘हीटी’, एवढं कुणी सांगितलं की त्याचा पुढचा प्रश्न बरोबर येतो: काय खाल्लं होतं?

या उष्ण-थंडाच्या शास्त्राची मी आरती ओवाळत नाही. बाळंतिणीला आणि गरोदर बाईला दिलेल्या लोहाच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून कपाटात तशाच राहतात, हे आपल्या भागात कुठल्याही आशाताईला विचारा. मार्क निश्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, दक्षिण कन्नड जिल्ह्यात राहून हेच नोंदवलं होतं: लोक औषध पारखतात ते त्याच्या उष्ण-थंडपणावरून. गोळी सोडणाऱ्या बाईला रक्त कमी असल्याचा तक्ता दाखवून फरक पडत नाही. ‘गोळी जेवणानंतर घ्या, थोड्या वेळानं ताक प्या, उष्ण पडणार नाही’ असं म्हटलं की पडतो. (ताक काय, चहा काय, गोळीवर लगेच नको. दोन्हींनी लोह अंगी कमी लागतं.)

बाकी आमच्याकडं आणखी एक ताप आहे, तो वर्तमानपत्रांतला. १ नोव्हेंबर जवळ आला की सीमाप्रश्न तापतो, आणि डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बेळगावचं वातावरण तापतं, मग बाहेर कानटोपी घालायची थंडी का असेना. १९५६ पासून हे चालू आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि इथल्या माणसाला आता त्याची सवय झाली आहे. या तापातून एक गोष्ट मात्र निष्कारण होरपळते, ती म्हणजे दवाखान्यातली भाषा. २०१९ पासून देशभरातल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच स्थानिक भाषेची ओळख करून द्यायची असते. बेळगावात स्थानिक म्हणजे कुठली, यावर दोन्हीकडची मंडळी दिवसभर भांडू शकतात. भांडोत बापडी.

तोवर शिकवणाऱ्यांना एकच विनंती. पहिल्या तासाला ‘नाव काय, गाव कुठलं’ याच्या जोडीला ‘उष्ण’ हा शब्द शिकवा. तो मराठीतही चालतो, कन्नडातही चालतो, आणि पेशंटनं तो उच्चारला की थर्मामीटर काढण्याआधी ‘म्हणजे कुठं आणि कसं होतंय?’ एवढं विचारायला सांगा.