बॅटरीच्या उजेडात

आमच्या टीममध्ये एक कांगारू आहे. खरं नाव वेगळं आहे हो, पण दोन वर्षं मेलबर्नला ऑनसाइट राहून आल्यापासून साहेबांचं प्रत्येक वाक्य ‘तिकडे ना...’नं सुरू होतं. मग दुसरं काय नाव ठेवणार?

एकदा लंचला डबे उघडले आणि कांगारूनं लॅपटॉपवर फोटो उघडले. लाँग वीकएण्डला चौघांनी गाडी भाड्यानं घेतली, बॅटरीला लाल जिलेटिन पेपर लावला आणि रात्रभर निलगिरीच्या जंगलात भटकले. लाल उजेडानं म्हणे प्राण्यांचे डोळे दिपत नाहीत, ते बिचकत नाहीत. फांदीवर शेपटी गुंडाळून बसलेला पॉसम, रस्त्याकडेला चरणारा गोलमटोल वोम्बॅट... सगळी पोटाला पिशवी असलेली मंडळी, आणि बहुतेक सगळी रात्रपाळीवाली. वोम्बॅटची लेंडी चौकोनी असते, ही माहिती त्यानं नेमकी मी पोळीचा पहिला घास घेताना दिली.

‘आणि हा बँडिकूट!’ लांब नाकाच्या एका उंदरासारख्या प्राण्यावर बोट ठेवून तो म्हणाला.

इथे मात्र मी त्याला पकडलं. बँडिकूट हा शब्द मुळात आपल्याकडचा. तेलुगूत ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणजे आपली घूस! इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि ऑस्ट्रेलियातल्या एका भलत्याच प्राण्याला चिकटवला. तिकडच्याला पिशवी असते, आपल्या घुशीला नसते, एवढंच. ‘म्हणजे एवढे डॉलर खर्च करून तू घूस बघून आलास,’ मी म्हटलं. टेबलावर हशा पिकला.

कांगारूनं शांतपणे विचारलं, ‘बरं. मग तुमच्याकडे काय आहे?’

झालं! माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या अलीकडचं. मी तोऱ्यात यादी सुरू केली. बिबट्या आहे, लांडगा आहे, तरस आहे, खोकड आहे, उदमांजर आहे. ‘यातलं तू काय काय पाहिलंयस?’ पुढचा प्रश्न आला. आता खरं सांगायचं तर, मोराच्या चिंचोलीतले मोर सोडले तर काहीच नाही. आजोळी जाऊनसुद्धा तीन वर्षं झाली होती. मामाचा फोन आला की मी ‘मीटिंगमध्ये आहे, करते’ म्हणायची आणि करायची नाही.

तर असा ठरला आमचा जानेवारीतला वीकएण्ड. दौंडच्या बाजूनं जायचं, शिरूरवरून परतायचं. मी, कांगारू, त्याची बायको, एक दुर्बीण, दोन बॅटऱ्या आणि लाल जिलेटिन पेपर.

शनिवारी पहाटे साडेचारला हडपसर सोडलं. सोलापूर रस्त्यानं यवत मागे टाकून चौफुल्याला चहा घेतला आणि उजवीकडे सुप्याचा रस्ता धरला. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तालुका बारामतीचा, पण दौंडच्या अगदी सीमेला लागून. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं. आमच्या आयटी पार्कातल्या लोकांना ते एखाद्या मोठ्या टाउनशिपएवढं वाटेल. पण आत शिरल्यावर अर्ध्या तासात पिवळ्या गवतातून चार चिंकारा उभे राहिले. बाकदार शिंगं, सारखी हलणारी काळी शेपटी. कांगारू ‘तिकडे ना’ म्हणायचं चक्क विसरला.

आपल्याला शाळेत शिकवतात, जंगल म्हणजे झाडं. माळरान दिसलं की आपण म्हणतो, ‘पडीक आहे.’ सरकारी कागदातही कित्येक माळ ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेले. पण दौंड, बारामती, इंदापूरच्या या उघड्या माळांवरच लांडगा, तरस, खोकड आणि चिंकारा तग धरून आहेत. त्यांना झाडी नको असते, त्यांना गवत लागतं. शेजारीच शिर्सुफळला आणि तिकडे इंदापुरात कडबनवाडीला वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. वाघ दिसणार नाही म्हणून नाक मुरडू नका. पुण्यापासून दोन तासांवर लांडगा दिसायची शक्यता आहे, हे काय थोडं आहे?

आम्हाला मात्र लांडगा दिसला नाही. दिसला तो मेंढ्या घेऊन निघालेला एक धनगर. ‘लांडगा हाय का इकडं?’ मी माझ्या ठेवणीतल्या गावरान मराठीत विचारलं.

‘हाय की. परवाच कोकरू नेलं.’

‘मग? तुम्ही काय केलं?’

‘काय करायचं? त्यो बी या माळाचाच. पर आता त्येच्यापरीस कुत्र्यांचाच तरास जास्त.’

त्याचं म्हणणं मी सहज विसरून गेले असते. घरी आल्यावर वाचलं तेव्हा खजील झाले. पुण्याजवळच्या या माळांवर लांडगा आणि भटक्या कुत्र्याचा संकर होत असल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. आपण कंपन्या, ढाबे, प्लॉटिंग घेऊन माळावर पोचलो. आपल्या मागोमाग उकिरडे आले, उकिरड्यांमागे कुत्री आली. ऑस्ट्रेलियात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी युरोपातला कोल्हा नेऊन सोडला आणि त्यानं तिथल्या छोट्या पिशवीवाल्यांचा फडशा पाडला. आम्ही फक्त कुत्रा नेला. फरक तेवढाच.

दिवस मावळताना सुप्याच्या रस्त्यावर गाडी कडेला घेऊन थांबलो. अभयारण्यात रात्री थांबता येत नाही आणि ते बरोबरच आहे. अंधार पडला तशी कांगारूनं बॅटरी काढली. ती कपाळाजवळ धरायची असते, म्हणजे प्राण्याच्या डोळ्यांवरून परतणारा उजेड सरळ आपल्या डोळ्यांत येतो. रात्रीच्या बऱ्याच प्राण्यांच्या बुबुळामागे आरशासारखा एक पडदा असतो, त्यावरून उजेड उलटतो. पहिल्यांदा गवतात हिरवे ठिपके चमकले. ते निघाले कोळी! मग रस्त्यावरच एक लालसर निखारा दिसला. तो होता रातवा, जमिनीला पोट टेकून बसलेला. आणि मग बांधावर दोन डोळे, त्यांच्यामागे दोन मोठे कान आणि काळ्या टोकाची झुपकेदार शेपटी. खोकड! आपल्याकडचा चिमुकला कोल्हा. तो आमच्याकडे बघत बसला, कान खाजवला आणि अजिबात घाई न करता निघून गेला. कांगारूच्या बायकोनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला.

तिथून केडगाव, पारगाव, न्हावरा करत शिरूर गाठलं आणि पुढे गावात पोचायला नऊ वाजले. वाटेत गाडीत फुल्ल दंगा चालू होता. खोकड झालं, आता बिबट्या!

ओट्यावर मामा उभा होता. आधी हसला, मग म्हणाला, ‘एवढ्या रातीचं कशाला आलीस बाळा? फोन करायचास, फाट्यावर येऊन थांबलो असतो.’

घरात पाऊल टाकलं आणि खुंटीवर टांगलेला पट्टा दिसला. बाहेरच्या बाजूनं टोकदार खिळे. मला वाटलं कुत्र्याचा असेल. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लांडग्यासाठी असतो तसा.

‘माझा हाय त्यो,’ मामी म्हणाली. ‘खुरपायला जाताना घालते. वाकून बसलं की जनावर मानगूट धरतंय.’

कांगारूनं हळूच बॅटरी बॅगेत ठेवली.

पिंपरखेड आणि जांबूत ही गावं आमच्या आजोळापासून फार लांब नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसं गेली. दोन लहान मुलं आणि एक म्हातारी आजी. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला, शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या बातम्या मी तेव्हा ऑफिसच्या कॅबमध्ये बसून वाचल्या होत्या. ‘अरे बापरे’ असा मेसेज मामेभावाला पाठवला होता. त्यानं ‘हो ताई’ असं उत्तर दिलं होतं. संपलं. त्या ‘हो ताई’च्या मागे मामीच्या गळ्यातला पट्टा आहे, हे मला कुठे माहीत होतं?

जेवताना मामेभाऊ बोलत होता. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला. ऊस बारा-बारा महिने उभा, आत पाणी, सावली, शेजारी कुत्री आणि शेळ्या. बिबटीणीला यापेक्षा चांगलं बाळंतपण कुठे मिळणार? इथले कित्येक बिबटे उसातच जन्मले, त्यांनी डोंगर बघितलेलाच नाही. तोडणीच्या वेळी पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. ‘धरून लांब नेऊन सोडायचं ना मग,’ कांगारू म्हणाला. मामेभाऊ हसला. शेजारच्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ मध्ये एक बिबट्या काढला होता. विद्या अत्रेयांच्या टीमनं त्याला रेडिओ कॉलर लावून माळशेजच्या बाजूला सोडला. साहेब चालत चालत सुमारे १२० किलोमीटरवरच्या मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचले! त्याच्यावरच तो ‘आजोबा’ सिनेमा निघाला. ‘आणि नेलेल्याची जागा मोकळी राहत नाही. दुसरा येतो,’ भाऊ म्हणाला.

दहा वाजले. बल्ब एकदम प्रखर झाला.

‘आली लाइट,’ म्हणत मामा उठला. शेतीची थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीची होती. मोटर चालू करायला जायचंच, कारण पाणी नाही दिलं तर गहू जातो. मी म्हटलं, आम्ही पण येतो. मामी नको म्हणाली, पण मामा म्हणाला, ‘येऊ दे. चौघं असलेली बरी.’

एका हातात काठी, एका हातात बॅटरी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी. असा आमचा मामा पुढे आणि आम्ही मागे. कांगारूनं सवयीनं विचारलं, ‘मामा, गाणी बंद केली तर काही दिसेल का?’

मामा थांबला. रागावला नाही. म्हणाला, ‘पाव्हणं, तुम्ही बॅटरी मारता जनावर दिसावं म्हणून. आम्ही मारतो दिसू नये म्हणून.’

मोटर सुरू झाली, पाटाला पाणी आलं. मामा बारं द्यायला वाकला आणि मी बॅटरी उसाच्या कडेनं फिरवली. दोन डोळे. जवळजवळ, जमिनीलगत. माझा आवाजच फुटेना. मामानं मान वर केली आणि मला काही कळायच्या आत तो आमच्या आणि उसाच्या मध्ये उभा राहिला. साठीचा माणूस, पायात चप्पल, हातात काठी. ‘हुर्र! हाऽऽ!’ डोळे विझले.

‘रानमांजर हुतं,’ तो म्हणाला. ‘ठेंगणं. घाबरू नका.’ पण काठीवरची त्याची मूठ बराच वेळ ढिली झाली नाही.

त्या रात्री आम्ही तिघं आणि मामा एक वाजेपर्यंत शेतात होतो. एरवी तो एकटाच असतो.

सकाळी दात घासत मोटरीकडे गेले. पाटाच्या ओल्या चिखलात माझ्या महागड्या ट्रेकिंग शूजचे ठसे उमटले होते. त्यातल्या एकाच्या बरोबर वर, रुंद, गोल, नखांची खूण नसलेला एक पंजा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या जातीच्या ठशात नाहीत. आणि रानमांजराचा पंजा एवढा मोठा नसतो.

मी मामाला हाक मारली. त्यानं बघितलं, पायानं चिखल सारखा केला आणि म्हणाला, ‘मामीला सांगू नगंस.’

परत येताना रांजणगावच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो. कोणीच बोलत नव्हतं. शेवटी कांगारू म्हणाला, ‘तिकडे ना...’ आणि थांबला. ‘तिकडे आम्ही बघून हॉटेलवर परत जायचो.’

सोमवारी लंचला सगळ्यांनी विचारलं, बिबट्या दिसला का? आम्ही खोकडाचे फोटो दाखवले. पंजाचा फोटो मी काढलाच नव्हता.

एक मात्र केलं. लाइटचं वेळापत्रक मामेभावाकडून मागून घेतलं आणि फोनमध्ये रिमाइंडर लावून टाकले. रात्रपाळीच्या आठवड्यात बरोबर दहाला मी मामाला फोन लावते. तो शर्टाच्या खिशात फोन ठेवतो, स्पीकर चालू. मी ऑफिसमधल्या गमती सांगते, बॉसची नक्कल करते, तो मधूनमधून ‘हं’ म्हणतो. मोटरचा आवाज येतो, पाण्याचा येतो. बारं होईपर्यंत मी बोलत राहते.

‘आज मीटिंग न्हाय व्हय?’ परवा त्यानं विचारलं.

‘हीच मीटिंग आहे मामा,’ मी म्हटलं. ‘जरा मोठ्यानं बोल.’