मिड शून्यावर नको

थ्रॅश मेटल वाजवणारी पोरं अ‍ॅम्पवर पहिलं काम हेच करतात: बेस-ट्रेबल पूर्ण वर, मिड शून्यावर. माझा भाचाही त्यातलाच. खोलीत एकट्याला तो आवाज भारी वाटतो. बँडच्या सरावात मात्र त्याला स्वतःचीच गिटार ऐकू येईना. विकून टाकायची भाषा करू लागला.

त्याच्या कानात मेटॅलिकाचा १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आहे. पण तिथं जेम्स हेटफिल्डनं एकच रिफ पुन्हापुन्हा वाजवून थर चढवलेत. ह्यांच्याकडे गिटार एकच. खालचा आवाज बेस गिटार आणि किक ड्रम खातात, वरचा झांजा. उरतो मिड, तोच ह्यानं काढलेला.

‘मामू, मग किती ठेवू?’

द्वारकेवर मुंबई-आग्रा आणि पुण्याचा रस्ता भेटतो, ट्रकांची घरघर थांबत नाही. तरी असरची अजान घरात स्पष्ट येते. भोंग्यात बेस जवळपास नाही, ट्रेबलही बेताचाच, सगळा मिड. (भोंगा म्हटलं की लोकांना राजकारण आठवतं. मी आवाजाबद्दल बोलतोय.) अजान संपेपर्यंत अ‍ॅम्प बंद, हा घरचा नियम.

मग मिड पाचावर आणला. गेन दहावरून सहावर, कारण जास्त गेनमध्ये पाम म्यूटचा ठोका चिखल होतो. अ‍ॅम्पच्या आधी ओव्हरड्राइव्ह पेडल: ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल वर. बाकी सगळं उजव्या हातात.

‘बोदा वाटतोय,’ तो म्हणाला.

‘रविवारी ड्रमबरोबर वाजव, मग बोल.’