बरणीतली पाल



पाल हा काही आठवणी लिहिण्याचा विषय नव्हे, हे मलाही कळतं. आपल्याकडे पाल दिसली की आधी झाडू शोधतात. ती चुकचुकली की 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं, अंगावर पडली तर पंचांगातला पल्लीपतनाचा तक्ता काढून कुठल्या अवयवाचं काय फळ ते बघायचं. माझी आजी हे सगळं मनापासून करायची. तरीही लिहितोय, कारण एका पालीचं मी साठ वर्षं देणं लागत होतो. बँकेत जन्म गेला, त्यामुळे थकबाकी मनातून जात नाही.

माझं आजोळ बाजारकुणंग. जोयडा तालुका, पूर्वीचा सुपा. आम्ही बेळगावचे. मे महिन्याच्या सुट्टीत लोंढ्यापर्यंत आगगाडी, पुढे मिळेल तिथपर्यंत बस आणि मग पायी. मामांचं कौलारू घर, मागे सुपारीचं कुळागर आणि त्याच्या कडेला शेवाळलेले मोठे दगड. भर उन्हाळ्यातही तिथे गारवा असायचा. त्या दगडांच्या फटींत एक छोटी तपकिरी पाल राहायची. घरातली पाल रात्री दिव्यापाशी येते, ही दिवसा दिसायची. भिंतीला चिकटणारी रुंद बोटं तिला नव्हती, बारीक नखांची काटकुळी बोटं होती. डोळ्यांतली बाहुली गोल. दगडावर हलली नाही तर आहे की नाही ते कळायचं नाही.

1960 साली, दहा वर्षांचा असताना, मी ती पकडली. आजीची लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, आत गवत आणि चार मुंग्या टाकल्या. बेळगावला नेऊन वर्गात दाखवायची होती. बरणी ओट्यावर ठेवून आम्ही मुलं ओढ्यावर डुंबायला गेलो. ठेवली तेव्हा ओट्यावर सावली होती. परत आलो तेव्हा ऊन तिथे पोचलेलं होतं.

मामांनी बरणी उचलून बघितली. मला काही बोलले नाहीत. कुळागरात जाऊन ती रिकामी केली, धुतली आणि पालथी घातली. रागावले असते तर कदाचित मी विसरलो असतो.

पुढे बी. कॉम. झालो, बँकेत लागलो, बदल्या, बढत्या, मुलांची शिक्षणं, निवृत्ती. ही गोष्ट मी सौ.लासुद्धा कधी सांगितली नव्हती.

2022 च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत फिनिक्सला गेलो. अ‍ॅरिझोनातलं वाळवंटातलं शहर ते. नातू बारा वर्षांचा. सामान ठेवतोय तोच हाताला धरून मला त्याच्या खोलीत घेऊन गेला. काचेच्या लांबट पेटीत पिवळी धमक, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची वीतभर पाल! नाव मँगो. सौ. दारातूनच म्हणाली, "सातासमुद्रापार येऊन शेवटी पालच?" पण आठवड्याभरात तीच त्याला 'आंब्या' म्हणायला लागली.

ही लेपर्ड गेको. हिचं मूळ घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य भारतातला कोरडा, खडकाळ मुलूख. पण मँगोनं तो मुलूख पाहिलेला नाही. त्याच्या कित्येक पिढ्या पेटीतच जन्मल्या. या जातीला चिकट बोटं नसतात, त्यामुळे काचेवर चढत नाही. आणि पापण्या असतात! आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळा पुसते. मँगो मात्र माझ्याकडे बघून चक्क डोळे मिटायचा. शेपटीत चरबी साठवतो, म्हणजे त्याची मुदत ठेवच. चांगलं सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतो. नातवाला विचारलं, "तू कॉलेजला गेल्यावर काय?" म्हणाला, "बाबांशी बोलून ठेवलंय."

त्याचं व्यवस्थापन बघून मी थक्क झालो. पेटीचं एक टोक गरम, तिथली जमीन 32 अंशांच्या आसपास. दुसरं टोक त्याहून सहा-सात अंशांनी थंड. पाल स्वतःचं अंग तापवू शकत नाही, म्हणून हवं तेव्हा गरम टोकाला, हवं तेव्हा थंड टोकाला जाता आलं पाहिजे. दोन्हीकडे लपायला जागा. तिसरी जागा ओल्या शेवाळाची, कात नीट निघावी म्हणून. बोटांवर कात अडकून राहिली तर बोट गळतं. खायला जिवंत नाकतोड्यासारखे रातकिडे, त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरवून. सगळ्याची वहीत नोंद. एकही खाडाखोड नाही, आमच्या शाखेत असा एक कारकून मिळता तर!

जूनमध्ये ती तिघं चार दिवस बाहेरगावी गेली आणि वही माझ्याकडे आली. दुसऱ्या रात्री अकराला मी पेटीकडे पाहिलं तर गरम टोकाचा आकडा 43. मँगो पार दुसऱ्या कोपऱ्यात, तोंड उघडं. गरम चटईला किती तापायचं ते सांगणारी एक वायर असते. तिचं टोक त्यानंच केव्हातरी उकरून बाजूला सारलं होतं, म्हणून चटई तापतच राहिली. मी आधी प्लग उपटला. मग आयुष्यात दुसऱ्यांदा पाल हातात धरली. हात थरथरत होते. जाळीच्या झाकणाच्या डब्यात ओला रुमाल घालून त्यावर त्याला ठेवलं आणि खुर्ची ओढून बसलो. सौ. म्हणाली, "झोपा आता." म्हटलं, "तू झोप."

पहाटे तीनच्या सुमारास त्यानं तोंड मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिचकावले. मी देव्हाऱ्यापुढे जाऊन हात जोडले. पंचांगात याचं काय फळ असतं ते बघितलं नाही.

मंडळी परतल्यावर सगळं सांगितलं. नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला आधी प्लग काढायचं कसं सुचलं?" तेव्हा बरणीची गोष्ट पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली. सौ. बघतच राहिली. नातवानं एकच विचारलं, "कुठल्या जातीची होती?" मला कुठे माहीत! त्यानं शोधलं. आमच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या गुंद गावाहून 2002 साली आरोन बाउर या शास्त्रज्ञानं अशा बारीक बोटांच्या, गोल बाहुलीच्या पालींच्या दोन नव्या जाती नोंदवल्या होत्या. माझी पाल त्यातलीच होती असं मी म्हणणार नाही. पण मी बरणीत घातली तेव्हा त्या जातींना नावसुद्धा नव्हतं. असल्या पाली त्यांच्या-त्यांच्या खडकांना आणि गारव्याला धरून असतात. ओटा मात्र उन्हाचा होता.

जुलैच्या एका रात्री मुलानं आम्हाला शहराबाहेर सोनोरन वाळवंटात नेलं. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे निवडुंग, आणि रात्री नऊलाही तव्यासारखी हवा. नातवाच्या निळसर बॅटरीखाली विंचू हिरवे चमकत होते. मग रस्त्याच्या कडेला दिसली ती: बोटभर, फिकट गुलाबी, तपकिरी पट्ट्यांची बँडेड गेको. हिलाही पापण्या. आम्हाला बघून तिनं शेपटी विंचवासारखी वर वळवली. नातवाच्या पिशवीत डबा होता, तो आणल्याचं मी निघतानाच पाहिलं होतं. त्याची बोटं पिशवीच्या चेनपर्यंत गेली. मी काही बोललो नाही. मामांनीही बोलायचं टाळलं होतं. दोन-तीन मिनिटं ती आमच्यासमोर चालत राहिली, मग एका दगडाखाली गेली. डबा पिशवीतच राहिला.

परवाच्या डिसेंबरात नातू भारतात आला, तेव्हा मी त्याला बाजारकुणंगला नेलं. तालुक्याचा मोठा भाग आता काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. मामा राहिले नाहीत, पण मामेभाऊ आहे, कुळागर आहे, दगडही आहेत. नातू दगडापुढे उकिडवा बसला. अर्ध्या तासानं हळूच हात हलवून मला बोलावलं. फटीच्या तोंडाशी तपकिरी पाल, गोल डोळ्यांची. मला उकिडवं बसवेना. मामेभावानं घरातून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. ऊन दगडावर येईपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो. मग ती आत गेली, आणि आम्ही जेवायला गेलो.

तुमच्याही लहानपणी अशी एखादी बरणी असेल तर जरूर लिहा. सांगितल्यावर बरं वाटतं, हे अनुभवानं सांगतो.