आजीचे सागरगोटे आणि पार्वतीचा डाव

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी आजी दुपारी शेजारणींसह ओसरीवर सागरगोटे खेळे. पैज मूठभर शेंगदाण्यांची. आजोबांची चाहूल लागताच गोटे पदराआड जात. पैजेचा खेळ बाईला शोभत नाही, असे मीही मानत आलो.

तो समज वेरूळला ढळला. क्रमांक २१ च्या रामेश्वर लेण्यात, सहाव्या शतकातील शिल्पात, पार्वती शंकराबरोबर अक्षक्रीडेत दंग आहे. खाली शिवगण नंदीशी झोंबत आहेत. जणू पणात नंदीही गेला!

रोमन जगातही हेच दिसते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरात एक चित्रित संगमरवरी फलक सापडला. त्यावर पाच स्त्रिया आहेत. त्यांतील दोघी खाली बसून घोट्याच्या हाडांचे गोटे उडवून झेलत आहेत. अगदी आमच्या आजीसारख्या. रोमशी व्यापार करणारे प्राचीन तगर, म्हणजे आजचे तेर, आमच्या गावापासून फार दूर नाही.

मित्रहो, देवीचा डाव आपण दगडात कोरला आणि घरच्या बाईचा मात्र पदराआड लपवायला लावला. आजीला वेरूळ दाखवायचे राहूनच गेले.