अब्बांचं लॉगबुक आणि माझी जीप

गेली दोन वर्षं लोक मला एकच प्रश्न विचारतात. शाळेतले सहकारी विचारतात, मशिदीबाहेर चपला घालताना शेजारी विचारतात, मेहकरच्या पेट्रोल पंपावरचा पोरगाही विचारतो, "सर, चांगली कार विकून हे काय घेतलं?" हे म्हणजे 1994 सालची महिंद्रा एमएम 540 जीप. वर ताडपत्रीचं हूड, एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि दोन माणसं बोलू लागली तर मोठ्याने बोलावं लागतं. ही मी रविवारी पुसून ठेवण्यासाठी घेतलेली नाही. रोज हिच्यातूनच शाळेत जातो.

कारण साधं होतं. माझी शाळा डोणगावपासून 14 किलोमीटरवर आहे, आणि शेवटचे तीन किलोमीटर रस्ता म्हणजे काळी माती. आपल्या भागातली ही माती उन्हाळ्यात दगड असते आणि मृगाचे दोन पाऊस पडले की चाकाला धरून बसते. माझ्या छोट्या कारचं ऑइल चेंबर एका पावसाळ्यात दोनदा फुटलं. दुचाकीवरून दोनदा पडलो. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो. 11 डिसेंबर 2022 ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून गाड्या तिथून 120 च्या वेगाने पळतात. पण महामार्ग आला म्हणून पांधण सुधारली असं होत नाही.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. दुसरं मी कुणाला सांगत नव्हतो.

माझे अब्बा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी जुनी जीप होती, उंच बोनेटची. सकाळी ते तिला पुसायचे, संध्याकाळी ऑफिसात उभी करून चावी जमा करायचे आणि सायकलवर घरी यायचे. आम्ही भावंडं त्या जीपमध्ये बसण्यासाठी जीव टाकायचो. अब्बांचं एकच उत्तर असायचं, "अमानत है." दुसऱ्याची ठेव. तिला हात लावायचा नाही.

1995 साली माझी दहावीची परीक्षा होती. इंग्रजीच्या पेपरला मी पायी निघालो होतो. मार्चचं ऊन होतं, उशीर झाला होता, मी जवळजवळ पळतच होतो. मागून अब्बांची जीप आली. गाडी रिकामी होती, साहेब नव्हते. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, हॉर्नही न वाजवता पुढे निघून गेले. धूळ माझ्या तोंडावर बसली. पेपर मिळाला, पासही झालो. पण ती धूळ माझ्या मनातून गेली नाही. पुढे डी.एड. न करता बी.ए. केलं, बी.एड. केलं, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवायला लागलो, मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावले. अब्बा 2011 मध्ये गेले. तो विषय आम्ही दोघांनी कधीच काढला नाही.

जीप घ्यायची ठरली तेव्हा पहिली पाहिली ती दिसायला देखणी होती. रुंद टायर, नवा रंग, पुढे मोठे दिवे. भाव साडेतीन लाख. मी मिस्त्रीचाचांना सोबत नेलं होतं. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी खाली झोपले आणि बॅटरीच्या उजेडात चासीवर कोरलेला नंबर शोधू लागले. नंबराच्या भोवती वेल्डिंगची शिवण होती. उठून कपडे झटकले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टर, ये तीन गाड्यां का खिचडा है. चलो."

तेव्हा मला कळलं की जुन्या जीपमध्ये इंजिन शेवटी पाहायचं. इंजिन दुरुस्त होतं, कागद दुरुस्त होत नाहीत. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव जुन्या जीप नव्याने बांधून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. गाडी किती सुंदर दिसते याला आरटीओत किंमत नाही. चासी आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी जुळतात का, एवढंच तिथे पाहतात.

दुसरी जीप एका शेतकऱ्याकडे मिळाली. गोठ्याशेजारी उभी होती, सीटवर कोंबडी बसलेली होती. एमएच 28 पासिंग, म्हणजे आपल्याच बुलढाण्याची, त्यामुळे दुसऱ्या आरटीओची एनओसी लागणार नव्हती. चाचांनी चासीला हातोडीने ठिकठिकाणी ठोकलं. टणटण आवाज आला की लोखंड जिवंत, भद्द आवाज आला की आतून गंज. पुढच्या पाट्यांच्या कानाजवळ थोडा गंज निघाला, बाकी चासी खणखणीत. फोर बाय फोरचा दांडा टाकून ओल्या रानात फिरवली, पुढची चाकं ओढतात याची खात्री केली. 2,112 सीसीचं डिझेल इंजिन, मुळात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं. धूर काळा होता, निळा नव्हता. चाचा म्हणाले, काळा धूर पंपाचा, निळा धूर खिशाचा. दोन लाख साठ हजारांत सौदा झाला.

पुढे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. हे सगळं मी आधी हिशेबात धरलंच नव्हतं. बायकोने धरलं होतं. ती म्हणाली, "लोग कबाड बेचते, तुम खरीदते." मुलीची अकरावीची फी भरायची होती, आणि तिचं बरोबर होतं. फी आधी भरली, मग जीप घरी आणली.

या गाडीच्या नावाची गोष्ट मी वर्गात सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी, 1945 मध्ये, लुधियानात जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली, आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या माझगावातून विलीज जीप बाहेर पडू लागली. एका मुलाने विचारलं, "म्हणजे सर, आपलं नाव काढून टाकलं?" मी म्हणालो, "मालक गेला बाळा. चालवणारे आणि दुरुस्त करणारे इथेच राहिले." माझ्या डोळ्यांपुढे अब्बा होते आणि मिस्त्रीचाचा.

आता रोजच्या वापराचा हिशेब, कारण लोकांना तोच हवा असतो. मी एक वही ठेवली आहे. पहिल्या वर्षी जीप 9,240 किलोमीटर चालली, 840 लिटर डिझेल लागलं. लिटरला 11 किलोमीटर. 93 रुपयांच्या सरासरीने साधारण 78 हजार. जुनी कार लिटरला 20 द्यायची, तिला एवढ्याच अंतराला पन्नास हजाराच्या आत पेट्रोल लागलं असतं. क्लच प्लेट, बॅटरी, ब्रेकचे लायनर, पाट्यांचे बुश मिळून 41 हजार. डिसेंबरच्या थंडीत हीटर प्लग गेले आणि मी चार दिवसांत दोनदा उशिरा पोचलो. पावसात हुडाच्या शिवणीतून पाणी बरोबर माझ्या उजव्या गुडघ्यावर पडतं. पण त्या वर्षी चिखलामुळे माझा एकही दिवस बुडाला नाही.

अम्मी मात्र जीपमध्ये बसायला तयार नव्हती. तिचे गुडघे गेले आहेत, पायरी उंच. वेल्डरकडून एक खालची पायरी लावून घेतली आणि एके दिवशी तिला मेहकरला डॉक्टरांकडे नेलं. रस्त्यात बैल आडवा आला, मी ब्रेक दाबला. अम्मी पुढे झुकली आणि म्हणाली, "तुम्हारे अब्बा ऐसा ब्रेक नहीं मारते थे."

मी म्हणालो, "तुला काय माहीत? तू कधी बसलीस त्यांच्या जीपमध्ये?"

"एक बार. तेरे वास्ते."

मी तीन वर्षांचा होतो. मध्यरात्री ताप चढून आकडी आली. दुसऱ्या दिवशी पहाटेच साहेबांचा दौरा होता, म्हणून जीप त्या रात्री आमच्या दारात होती. अब्बांनी मला अम्मीच्या मांडीवर टाकलं आणि याच रस्त्याने मेहकर गाठलं. सकाळी त्यांनी लॉगबुकात नोंद केली: खासगी काम, मुलगा आजारी, आणि पुढे किलोमीटर. साहेब म्हणाले, खोडून टाका, कोण विचारतंय? अब्बांनी खोडलं नाही. पैसे पगारातून कापून घ्यायला लावले. "उस महीने चालीस रुपये कम आए थे," अम्मी म्हणाली. चाळीस वर्षांनंतरही तिला आकडा पाठ होता.

मी बराच वेळ काही बोललो नाही. जीपच्या आवाजात ते खपून गेलं.

1995 च्या त्या दुपारी अब्बा का थांबले नाहीत हे मला तरीही पूर्ण पटलेलं नाही. थांबले असते तर सरकार बुडालं नसतं. पण एवढं कळलं की त्यांना माझ्यापेक्षा जीप प्यारी नव्हती. कुठल्या गरजेला नियम मोडायचा आणि त्याची किंमत कुणी भरायची, हे त्यांचं ठरलेलं होतं. तापाने आकडी आलेलं पोर एका बाजूला, उशीर झालेलं पोर दुसऱ्या बाजूला.

तर, जुनी जीप रोजच्या वापराला घ्यावी का? घरापासून दोन-चार किलोमीटरवर भरवशाचा मिस्त्री असेल, कागद स्वच्छ असतील, आणि दरवर्षी चाळीस हजार बाजूला काढता येत असतील तर घ्या. फोटोसाठी घेऊ नका, आणि मुलांची फी थांबवून तर मुळीच नको.

शेवटच्या तीन किलोमीटरवर मला रोज शाळेची मुलं पायी चाललेली भेटतात. ही जीप माझी आहे, कुणाची अमानत नाही, म्हणून मी थांबतो. आरसी बुकावर माझ्यासह सात जागा आहेत. सहा मुलं बसली की मी बस म्हणतो. सातवा, आठवा, नववा मागे राहतात. आरशात ते मला दिसतात. धुळीत उभे राहून ते जीपकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मला चांगली ओळखीची आहे.